विद्यार्थ्याचे निरीक्षण आणि त्याची नोंद : रोगप्रतिकारशास्त्रातील दोन उदाहरणे

पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या संशोधनाकडे पाहण्याची एक रूढ दृष्टी आहे. विद्यार्थ्याचा प्रबंध म्हणजे उमेदवारीचे काम. ते करीत असता त्याने पद्धती शिकावी, पूर्वसूरींचे ग्रंथ चाळावे, आणि पदवी हाती पडल्यावर मग खऱ्या संशोधनास लागावे, असे सामान्यतः मानले जाते. शास्त्राचा इतिहास मात्र या समजुतीस सर्वस्वी अनुकूल नाही. आज रोगप्रतिकारशास्त्रात ज्यांना मध्यवर्ती स्थान आहे अशा दोन पेशीप्रकारांची पहिली खूण विद्यार्थ्यांच्याच हातून नोंदली गेली. त्यांपैकी एक नोंद १८६८ साली बर्लिन येथे झाली, व दुसरी १९५६ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात झाली. या दोन्ही नोंदींचे एक वैशिष्ट्य असे की, आपण काय पाहिले हे नोंद करणाऱ्यांस नेमके सांगता आले. परंतु त्याचा पूर्ण अर्थ त्यांपैकी कोणासही त्या वेळी ठाऊक नव्हता. अर्थ ठाऊक नसताना केलेली नोंद टिकते कशामुळे, आणि विद्यार्थ्याच्या संशोधनलेखनाच्या दृष्टीने तिच्यापासून कोणता बोध घ्यावयाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. बर्लिन : त्वचेतील शाखायुक्त पेशी

पाउल लांगरहान्स याचा जन्म १८४७ सालचा. बर्लिन विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेत असता त्याने मानवी त्वचेतील मज्जातंतूंचा प्रश्न अभ्यासासाठी निवडला. हे तंतू त्वचेच्या कोणत्या थरापर्यंत पोचतात व तेथे त्यांचा शेवट कसा होतो, हे त्यास पाहावयाचे होते. त्या काळी युलिउस कोनहाइम याने गोल्ड क्लोराइडच्या द्रावणाची पद्धत प्रचारात आणली होती. या द्रावणात ऊतकाचा तुकडा भिजवून उजेडात ठेवला असता त्यातील मज्जातंतू गडद रंगाचे दिसू लागतात. लांगरहान्सने ही पद्धत त्वचेस लावली. आणि बाह्यत्वचेत त्यास तंतूंखेरीज आणखी काही आढळले. नेहमीच्या पेशींच्या मधून मधून लांब शाखा पसरलेल्या, गडद रंग घेतलेल्या, परंतु त्वचेचे रंगद्रव्य नसलेल्या अशा काही निराळ्याच पेशी त्याच्या दृष्टीस पडल्या. १८६८ साली फिरखोच्या सुप्रसिद्ध नियतकालिकात त्याने त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या वेळी त्याचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते.

या पेशी मज्जासंस्थेच्याच असाव्यात, असा लांगरहान्सचा तर्क होता. तो स्वाभाविकही होता. जी पद्धत मज्जातंतू दाखविते, त्याच पद्धतीने या पेशी दिसल्या. शिवाय त्यांच्या शाखाही मज्जापेशींच्या शाखांसारख्या होत्या. परंतु तो तर्क चुकीचा ठरला. गोल्ड क्लोराइडने जे जे रंगते ते सर्व मज्जासंस्थेचेच असते, हे गृहीतक बरोबर नव्हते.

पुढल्याच वर्षी, १८६९ साली, लांगरहान्सने आपला पदवीचा प्रबंध सादर केला. त्याचा विषय स्वादुपिंडाची सूक्ष्म रचना हा होता. पाचकरस निर्माण करणाऱ्या पेशींच्या मधे विखुरलेले लहान पेशींचे पुंजके त्याने या प्रबंधात वर्णिले आणि त्यांचे कार्य काय असावे हे आपणांस ठाऊक नाही, असे सरळ नमूद केले. १८९३ साली गुस्ताव लागेस याने या पुंजक्यांना लांगरहान्सची द्वीपे हे नाव दिले. आणि १९२१ साली टोरांटो येथे इन्सुलिन वेगळे करण्यात यश आल्यावर त्यांचे महत्त्व सर्वमान्य झाले.

ही दोन्ही लेखने एकाच विद्यार्थ्याची आणि लागोपाठच्या वर्षांतली आहेत. एका ठिकाणी त्याने अर्थ लावला व तो चुकला. दुसऱ्या ठिकाणी अर्थ लावण्याचे त्याने टाळले. तथापि दोन्ही निरीक्षणे टिकून राहिली. त्वचेतील पेशींच्या बाबतीत मात्र ती पुष्कळ काळ संदिग्ध अवस्थेत राहिली. त्या मज्जासंस्थेच्या आहेत की रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशींचे जीर्ण अवशेष आहेत, यावर जवळजवळ शंभर वर्षे वाद चालला. १९६१ साली बर्बेक व त्याचे सहकारी यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या पेशींमध्ये एक विशिष्ट प्रकारचे कण दाखवून दिले. त्यामुळे त्या ओळखण्याची खात्रीची खूण हाती आली. १९७३ साली इंगा सिल्बरबर्ग हिने त्वचेच्या स्पर्शजन्य अधिहर्षतेत लसीकापेशी या पेशींना येऊन भिडतात, असे निदर्शनास आणले. त्याच वर्षी न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन व झान्विल कोन यांनी उंदराच्या प्लीहेत शाखायुक्त पेशींचा एक नवा प्रकार वर्णिला. पुढे १९८५ साली शूलर व स्टाइनमन यांच्या प्रयोगांतून असे दिसले की, त्वचेतील लांगरहान्स पेशी काही दिवस संवर्धनात ठेवल्या असता त्या लसीकापेशींना चेतविण्याच्या बाबतीत अत्यंत प्रभावी ठरतात. बाहेरून आलेल्या पदार्थाचे अंश टिपून ते लसीकापेशींपुढे मांडणे हे या पेशींचे कार्य होय. स्टाइनमन यास २०११ साली नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

म्हणजे विद्यार्थ्याने पेशी पाहिली तेव्हापासून तिच्या कार्याचा उलगडा होईपर्यंत शतकाहून अधिक काळ लोटला. एवढ्या काळात तिचे वर्णन निरुपयोगी झाले नाही, याचे कारण त्याच्या स्वरूपात आहे. पेशी कोठे आहे, कोणत्या पद्धतीने दिसली, तिचा आकार कसा आहे व तिच्यात काय नाही, या गोष्टी लेखात स्पष्ट होत्या. गोल्ड क्लोराइड वापरणाऱ्या कोणाही मनुष्यास त्या पुन्हा पाहता येत होत्या. अनुमान गळून पडले तरी वर्णन त्याच्याबरोबर गळून पडले नाही. कारण ते अनुमानावर उभे नव्हते.

२. ओहायो : पक्ष्यांच्या शरीरातील एक पिशवी

दुसरे उदाहरण याहून अधिक बोधप्रद आहे. कारण त्यात प्रयोग आहे, आणि वरवर पाहता फसलेला प्रयोग आहे.

पक्ष्यांच्या अवस्कराच्या, म्हणजे मल, मूत्र व अंडी यांच्या समाईक मार्गाच्या, पाठीमागील बाजूस एक लहान पिशवीसारखा अवयव असतो. पादुआ येथील शरीररचनाशास्त्रज्ञ फाब्रिसिउस याने त्याचे वर्णन केले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६२१ साली प्रसिद्ध झालेल्या, अंडे व पिलू यांच्या घडणीविषयीच्या ग्रंथात आढळते. त्यावरून या अवयवास फाब्रिसिउसची पिशवी, किंवा लॅटिन शब्दानुसार ‘बर्सा’, असे नाव पडले. कोंबड्याचे रेत साठविण्याची ही जागा असावी, असा फाब्रिसिउसचा समज होता. हा अवयव नर व मादी या दोहोंतही आढळतो, हे त्याचाच शिष्य विल्यम हार्वी याने दाखविले, आणि तो समज मागे पडला. त्यानंतर तीनशे वर्षे या अवयवाचे कार्य अज्ञातच राहिले.

१९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ओहायो राज्य विद्यापीठाच्या कुक्कुटविज्ञान विभागात ब्रूस ग्लिक हा विद्यार्थी पदव्युत्तर संशोधन करीत होता. एका प्रात्यक्षिकात हंसाचे शवविच्छेदन चालू असता त्याने हा अवयव पाहिला, त्याचे कार्य काय असे प्राध्यापकांना विचारले, आणि ते तूच शोधून काढ, असे उत्तर त्यास मिळाले, असे सांगितले जाते. ग्लिकने प्रथम या अवयवाच्या वाढीची मोजमापे घेतली. पिलाच्या आयुष्यातील पहिल्या सुमारे तीन आठवड्यांत बर्सा अतिशय झपाट्याने वाढते व पक्षी वयात येऊ लागला की ती झिजत जाते, असे त्यास आढळले. त्यावरून तिचे कार्य काही असलेच तर ते प्रारंभीच्या काळात असले पाहिजे, असा निष्कर्ष निघत होता. म्हणून त्याने अगदी कोवळ्या पिलांमधून शस्त्रक्रियेने बर्सा काढून टाकली, आणि ती पिले वाढविली. त्यांच्या वाढीत अथवा इतर लक्षणांत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. नेहमीच्या अर्थाने हा प्रयोग निष्फळ ठरला होता.

याच सुमारास टिमथी चँग हा त्याचा सहाध्यायी विद्यार्थ्यांच्या एका वर्गास प्रतिपिंडांचे प्रात्यक्षिक दाखविण्याच्या तयारीत होता. पक्ष्यास साल्मोनेला जंतूंपासून केलेले प्रतिजन टोचावयाचे, काही दिवसांनी त्याचे रक्त काढावयाचे, आणि त्यातील रक्तरस जंतूंच्या निलंबनात मिसळावयाचा. रक्तरसात प्रतिपिंडे असली तर जंतू एकमेकांस चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात, असे हे साधे प्रात्यक्षिक. त्यासाठी मोठे झालेले पक्षी हवे होते, व ग्लिकजवळ ते होते. चँगने ते घेतले. परंतु टोचणीनंतर काही पक्षी दगावले, आणि वाचलेल्यांपैकी काहींच्या रक्तरसाने गुठळ्या झाल्याच नाहीत. प्रात्यक्षिक फसले.

कोणत्याही प्रयोगशाळेत अशा वेळी जे म्हटले जाते ते येथेही म्हणता आले असते. प्रतिजन जुने झाले असेल, मात्रा चुकली असेल, पक्षी रोगट असतील. पुन्हा नवे पक्षी आणून प्रात्यक्षिक करावे, आणि झाले ते विसरून जावे. तसे झाले नाही, याचे कारण एकच. कोणत्या पक्ष्यांतून बर्सा काढली आहे व कोणत्यांतून नाही, याची ग्लिकजवळ नोंद होती. ती ताडून पाहता असे दिसले की, ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली नाहीत ते बर्सा काढलेले पक्षी होते. त्यानंतर अधिक पक्ष्यांवर, तुलनेसाठी शस्त्रक्रिया न केलेले पक्षी ठेवून, हा प्रयोग रीतसर करण्यात आला, आणि तोच निष्कर्ष मिळाला.

येथे भाग्याचा अंश आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि ते भाग्य फळाला येण्यासाठी तीन गोष्टी अगोदर सिद्ध असाव्या लागल्या. बर्सा कोणत्या वयात वाढते हे मोजलेले असल्यामुळेच ती योग्य वेळी काढली गेली. पक्षी मोठा झाल्यावर ती काढली असती तर तिच्या पेशी तोवर शरीरभर पसरलेल्या असल्याने काहीच फरक दिसला नसता. निष्फळ ठरलेल्या प्रयोगातील पक्ष्यांची नोंद जपून ठेवलेली होती. आणि फसलेल्या प्रात्यक्षिकाकडे, काही समजावयाचे राहून गेले आहे, या दृष्टीने पाहिले गेले.

३. दोन पानांचा लेख

ग्लिक, चँग व जॉर्ज जाप यांनी आपला निष्कर्ष लिहून काढला. तो लेख प्रथम ‘सायन्स’ या नियतकालिकाकडे पाठविण्यात आला होता. तेथे तो स्वीकारला गेला नाही. अखेर १९५६ साली ‘पोल्ट्री सायन्स’ या कुक्कुटविज्ञानाच्या नियतकालिकात तो छापला गेला. त्याचा विस्तार अवघा दोन पानांचा आहे. बर्सा व प्रतिपिंडांची निर्मिती यांचा संबंध आहे, एवढेच त्याचे प्रतिपादन होते. तो संबंध कोणत्या यंत्रणेने घडतो, हे त्यात सांगितलेले नाही. कारण त्या वेळी ते कोणासही सांगता आले नसते.

कोंबड्यांविषयीचे नियतकालिक मानवी वैद्यकातील संशोधक क्वचितच वाचीत. त्यामुळे काही वर्षे या लेखाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. परंतु विस्कॉन्सिन येथील पक्षीसंशोधकांनी त्याचा पाठपुरावा केला; अंड्यातच संप्रेरकाचा उपयोग करून बर्साची वाढ रोखण्याची रीत त्यांनी पुढे आणली. १९६१ साली लंडन येथे झाक मिलर या तरुण संशोधकाने नवजात उंदरातील थायमस ग्रंथी काढली असता त्याची प्रतिकारक्षमता ढासळते, असे दाखविले. १९६२ साली मेलबर्न येथे वॉर्नर व सेनबर्ग यांनी कोंबड्यांवरील प्रयोगांवरून अशी विभागणी सुचविली की, प्रतिपिंडे बर्सावर अवलंबून असतात, आणि परक्या त्वचेचे कलम नाकारणे हे थायमसवर अवलंबून असते. १९६५ साली मिनेसोटा विद्यापीठात मॅक्स कूपर, रेमंड पीटरसन व रॉबर्ट गुड यांनी ही विभागणी निर्णायकपणे सिद्ध केली. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिलांतून एक तर बर्सा किंवा थायमस काढावयाची, आणि अगोदरच शरीरात पसरलेल्या पेशी नष्ट करण्यासाठी पिलांवर क्ष-किरण सोडावयाचे, अशी त्यांची योजना होती. बर्सा काढलेल्या पिलांत प्रतिपिंडे निर्माण होईनात. थायमस काढलेल्यांत लहान लसीकापेशी घटल्या व कलम नाकारण्याची शक्ती क्षीण झाली.

कूपर व गुड हे मुलांच्या आजारांकडे लक्ष देणारे वैद्य होते, आणि या कामाचा रुग्णालयाशी निकट संबंध होता. १९५२ साली अमेरिकेतील लष्करी वैद्य ऑग्डेन ब्रूटन याने वारंवार गंभीर संसर्ग होणाऱ्या आठ वर्षांच्या एका मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. त्या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे ज्या अंशात प्रतिपिंडे असतात तो अंश, मुळीच आढळला नव्हता. बर्सा काढलेले पिलू व ब्रूटनचा बालरुग्ण यांचे साम्य आता स्पष्ट दिसू लागले. मनुष्यात व इतर सस्तन प्राण्यांत बर्सा नाही. तिचे कार्य गर्भावस्थेत यकृतात व पुढे अस्थिमज्जेत होते, हे १९७० नंतरच्या दशकात निश्चित झाले. तोपर्यंत थायमसच्या आद्याक्षरावरून ‘टी’ आणि बर्साच्या आद्याक्षरावरून ‘बी’ अशी लसीकापेशींची नावे रूढ झाली होती. आज पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ‘बी पेशी’ हा शब्द उच्चारतो; त्या अक्षरात एका पक्षीसंशोधक विद्यार्थ्याचे कुतूहल साठविलेले आहे, हे मात्र त्यास सहसा ठाऊक नसते.

४. निरीक्षण, संबंध व यंत्रणा

वरील दोन उदाहरणांवरून संशोधनलेखनात विधानांच्या तीन पायऱ्या वेगळ्या करता येतात. पहिली पायरी निरीक्षणाची : ‘या पक्ष्याच्या रक्तरसाने जंतूंच्या गुठळ्या झाल्या नाहीत.’ दुसरी संबंधाची : ‘बर्सा काढलेल्या पक्ष्यांत प्रतिपिंडे निर्माण होत नाहीत, न काढलेल्यांत होतात.’ तिसरी यंत्रणेची : ‘बर्सामध्ये एका विशिष्ट जातीच्या लसीकापेशी परिपक्व होतात, व त्याच पुढे प्रतिपिंडे निर्माण करतात.’ ग्लिकचा लेख दुसऱ्या पायरीवर थांबतो. लांगरहान्सचा १८६८ चा लेख पहिल्या पायरीवर भक्कम उभा आहे. तेथून त्याने तिसरीवर उडी घेतली, आणि ती फसली. परंतु पहिली पायरी शाबूत असल्याने पुढील संशोधकांस तेथून पुन्हा चढता आले.

विद्यार्थ्याच्या लेखनात सामान्यतः आढळणारा दोष असा की, या पायऱ्या एकाच वाक्यात मिसळल्या जातात. मार्गदर्शकास अथवा परीक्षकास केवळ निरीक्षण अपुरे वाटेल या भीतीने विद्यार्थी यंत्रणेची भाषा बोलू लागतो. रोगप्रतिकारशास्त्रात हा मोह विशेष प्रबळ आहे, कारण या शास्त्राची प्रचलित भाषाच मुळी रूपकांची आहे. शरीर हा किल्ला, जंतू हा शत्रू, श्वेतपेशी हे सैन्य, अशी वर्णने शालेय पुस्तकांतून सर्वत्र आढळतात. बालवाचकांसाठी ती क्षम्य आहेत. प्रबंधात मात्र ती घातक ठरतात. ‘पेशीने शत्रूस ओळखले’ असे लिहिले की वाचकास काही समजल्यासारखे वाटते. परंतु पेशीच्या पृष्ठभागावरील कोणता रेणू कशास चिकटला, आणि हे कोणत्या प्रयोगाने कळले, हे प्रश्न त्या क्रियापदाखाली झाकले जातात. रूपक हे न सांगता केलेले अनुमानच होय. लांगरहान्सने आपले अनुमान उघडपणे मांडले, म्हणून ते खोडून काढता आले. रूपकात दडलेले अनुमान खोडून काढणे त्याहून पुष्कळ कठीण असते.

यावरून प्रबंधलेखनाच्या काही व्यावहारिक सूचनाही निघतात. प्रयोगवहीत ज्या दिवशी प्रयोग केला त्याच दिवशी नोंद व्हावी, आणि अपेक्षित निष्कर्ष न मिळालेल्या प्राण्यांची अथवा नमुन्यांची नोंद इतरांइतक्याच काळजीने जपावी. तुलनेसाठी ठेवलेल्या गटाचे वर्णन मुख्य गटाच्या वर्णनाइतकेच सविस्तर असावे. वय, मात्रा, टोचणी व रक्त काढणे यांमधील अंतर, यांपैकी काहीही गृहीत धरू नये. पूर्वसाहित्याचा शोध घेताना आपल्या शाखेच्या सीमेबाहेरची नियतकालिकेही चाळावी. बी पेशींचा मूळ दाखला वैद्यकाच्या कपाटात सापडला नसता. आणि निष्कर्षाच्या परिच्छेदात आपण कोणत्या पायरीवर थांबलो आहोत हे स्वच्छ लिहावे. अमुक गोष्ट या प्रयोगावरून ठरत नाही, असे एक वाक्य प्रबंधास उणेपणा आणीत नाही. पुढील संशोधकास ते वाट दाखविते.

५. उपसंहार

ग्लिकच्या दोन पानांचा उपयोग केवळ मानवी वैद्यकासच झाला असे नाही. तो फिरून कोंबड्यांकडेही आला. १९६२ साली अमेरिकेतील डेलावेअर राज्यातील गंबोरो या परिसरात आढळलेल्या पिलांच्या एका रोगाचे वर्णन प्रसिद्ध झाले, आणि त्या रोगास त्याच स्थळाचे नाव मिळाले. महाराष्ट्रातील कुक्कुटपालकांस हे नाव चांगलेच परिचित आहे, कारण त्या रोगाची लस पिलांना द्यावी लागते. या रोगाचा विषाणू बर्सामधील अपरिपक्व बी पेशींवर हल्ला करतो. संसर्ग पहिल्या तीन आठवड्यांत झाला तर पिलू वरवर धडधाकट दिसते. परंतु पुढे त्यास इतर रोगांच्या लसी टोचल्या तरी त्या नीट लागू पडत नाहीत. ग्लिकने ज्या आठवड्यांत बर्साची वाढ मोजली होती, नेमके तेच हे आठवडे होत. शस्त्राने जे त्याने केले तेच विषाणू करतो, आणि परिणामही तोच होतो. लस देऊनही पिले का दगावतात, या कुक्कुटपालकाच्या प्रश्नाचे एक उत्तर अशा रीतीने एका फसलेल्या प्रात्यक्षिकात मिळते.

विद्यार्थ्याजवळ सहसा मोठी साधनसामग्री नसते, दीर्घ अनुभव नसतो, आणि आपल्या निरीक्षणाचा अंतिम अर्थ सांगण्याइतका काळही नसतो. जे पाहिले ते जसेच्या तसे, दुसऱ्यास पुन्हा पाहता येईल अशा शब्दांत नोंदणे, हे मात्र पूर्णपणे त्याच्या स्वाधीन असते. लांगरहान्स १८८८ साली निवर्तला. आपण वर्णिलेल्या दोन्ही पेशीसमूहांचे कार्य त्यास अखेरपर्यंत कळले नाही. त्याचे नाव मात्र दोन्ही ठिकाणी राहिले आहे, आणि ते त्याने लावलेल्या अर्थामुळे राहिलेले नसून केलेल्या वर्णनामुळे राहिले आहे.